दुष्काळाचा अभ्यास करणारा माणूस



बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की आपल्या घरांतली जुनी माणसे दोन शब्द हमखास काढतात. मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी. सुकडी म्हणजे कामावर वाटले जाणारे गोडसर कोरडे खाणे. त्या दोन शब्दांपाठोपाठ खडीचे ढीग येतात, पाझर तलावाची माती येते, मुकादमाचे मस्टर येते. आजी हसत हसत सांगते आणि मध्येच थांबते. सून आतून म्हणते, "जाऊ द्या ना आई, पोरांपुढे कशाला ते खडी फोडल्याचं!" कॉलेजात जाणाऱ्या नातवालाही वाटते, यात सांगण्यासारखे काय आहे?

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्या खडीचा, त्या मस्टरचा आणि त्या मिलोचा अभ्यास बेल्जियममध्ये जन्मलेल्या एका अर्थशास्त्रज्ञाने केला, त्यावर दीर्घ निबंध लिहिला, आणि दुष्काळ कसा थोपवावा हे शिकताना जगभरचे विद्यार्थी तो निबंध वाचतात. त्यांचे नाव ज्याँ द्रेझ. आजच्या सदरात त्यांच्या कामाची ओळख करून द्यायची आहे. कारण ज्या विषयात या माणसाचे आयुष्य गेले, तो विषय आपल्या मुलामुलींनी शिकावा असा आहे, आणि आपल्या वस्त्यांत त्याचे नावही फारसे कुणाला ठाऊक नाही.

विषय असा: संकट कोसळले की माणसापर्यंत अन्न, पाणी, औषध, निवारा कसा पोहोचतो, कुठे अडतो आणि का अडतो? व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत याला पुरवठा साखळी म्हणतात. शब्द जड असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. त्यांच्यासाठी पाण्याचे टँकर लागतात, तात्पुरते निवारे लागतात, जेवणाचे वाटप करणारी मंडळे उभी राहतात. डॉक्टर येतात. भुसावळहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या निळ्या झेंड्यांनी भरून जातात. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, १९३७ साली बाबासाहेब जिथे मुक्कामाला होते तिथे, धुळे-जळगावची माणसे जमतात, तेव्हाही लहान प्रमाणावर हेच घडते. कुणीतरी तांदूळ आणतो, कुणी भांडी, कुणी गाडी. ही पुरवठा साखळीच झाली. फरक एवढाच की तिथे तारीख ठरलेली, जागा ठरलेली, माणसे किती येतील याचा अंदाज ठरलेला. भूकंप आणि पूर तारीख कळवून येत नाहीत. दुष्काळ मात्र पावलापावलाने येतो, सगळ्यांना दिसत येतो, आणि तरीही माणसे मरतात. ती का मरतात, हा प्रश्न त्यामुळे जास्त बोचरा आहे.

या साखळीत आपली माणसे कधीपासून आहेत, तेही लक्षात घ्या. मनमाडच्या धान्य महामंडळाच्या गोदामात, भुसावळच्या रेल्वे यार्डात, जळगावच्या दाणा बाजारात पाठीवर पोती वाहणारे हात कुणाचे होते? साखळीच्या प्रत्येक कडीला आपला खांदा लागला. पण कोणते पोते कोणत्या गावाला आधी जावे, हे ठरवणाऱ्या टेबलाशी आपण नव्हतो.

आता द्रेझ यांच्याकडे वळण्याआधी त्यांच्या आधीची थोडी हकिकत सांगावी लागेल. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला, सुमारे तीस लाख माणसे गेली. शांतिनिकेतनात शिकणाऱ्या अमर्त्य सेन नावाच्या लहान मुलाने भुकेने वेडेपिसे झालेले लोक डोळ्यांनी पाहिले. मोठेपणी ते अर्थशास्त्रज्ञ झाले, तेव्हा त्यांनी त्या वर्षाचे आकडे काढले. १९८१ साली त्यांचे पुस्तक आले. त्यात त्यांनी दाखवले की १९४३ मध्ये बंगालात उपलब्ध असलेले धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्के कमी होते, आणि १९४१ पेक्षा तर ते जास्तच होते. १९४१ ला दुष्काळ नव्हता! मग १९४३ ला माणसे का मेली? युद्धाच्या खर्चाने भाव चढले, शेतमजुराची मजुरी तिथेच राहिली. जपानी येतील या भीतीने सरकारने खेड्यांतल्या होड्या जप्त केल्या आणि कोळ्यांचा धंदा बुडाला. कलकत्त्याला धान्य मिळत राहिले. मेले ते शेतमजूर, कोळी, भात कांडणाऱ्या बायका.

दाणा बाजारात गेलेल्या कुणालाही हे समजेल. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या असतात, पण खिशात पैसा नसेल तर त्या थप्पीतला एक दाणाही आपला नसतो. सेन यांनी हे शास्त्राच्या भाषेत मांडले, पुढे १९९८ साली त्यांना नोबेल मिळाले.

ज्याँ द्रेझ हे या सेन यांचे सहकारी. जन्म १९५९ चा, बेल्जियममधल्या लुवेन गावचा. वडील जाक द्रेझ हे स्वतः नामांकित अर्थशास्त्रज्ञ. म्हणजे घरात सगळे होते. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात गणिती अर्थशास्त्र शिकून १९७९ साली हा तरुण भारतात आला आणि दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून त्याने डॉक्टरेट घेतली. १९८३-८४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यात पालनपूर नावाच्या गावात राहून त्यांनी घरोघरच्या मिळकतीचा अभ्यास केला. नंतर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवू लागले. ही तीच संस्था, जिथून बाबासाहेबांनी १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. तिथे प्राध्यापक असताना द्रेझ राहत कुठे होते? लंडनमधल्या एका ओसाड इमारतीत, बेघर माणसांबरोबर. त्या दिवसांवर त्यांनी एक छोटे पुस्तकही लिहिले. पुढे दिल्लीतही ते झोपडपट्टीतच राहिले. २००२ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, नंतर रांचीला विद्यापीठात शिकवत राहिले.

काही जण म्हणतील, हा साधेपणाचा देखावा. मला तसे वाटत नाही. भुकेचा अभ्यास करणाऱ्याला रेशनच्या दुकानाची रांग ठाऊक असावी लागते. दुकानदार पावती देतो की नाही, माप किती मारतो, मशीन चालत नाही म्हणून बाईला किती वेळा परत पाठवतो, हे अहवालात उशिरा येते आणि वस्तीत त्याच दिवशी कळते.

१९८८-९० च्या सुमारास द्रेझ यांनी भारतातल्या दुष्काळ-निवारणावर तो निबंध लिहिला. त्याचा मोठा भाग महाराष्ट्राच्या १९७० ते १९७३ या वर्षांवर आहे. तीन वर्षे ओळीने पाऊस रुसला. १९७२-७३ साली राज्याचे धान्य-उत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले. त्याच काळात आफ्रिकेत सहाराच्या कडेला असलेल्या साहेल भागातही दुष्काळ होता. तिथे फार माणसे मेली. द्रेझ आणि सेन यांनी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा दिसले की माणशी धान्य महाराष्ट्रात साहेलपेक्षाही कमी पिकले होते. तरी महाराष्ट्रात बंगालसारखा मरणाचा खच पडला नाही. हाल झाले, लेकरे अशक्त झाली, गुरे कवडीमोलाने गेली किंवा दावणीला मेली. पण गावेच्या गावे उठली नाहीत.

हे कशाने झाले? सरकारी गोदामांमुळे, असे कुणी म्हणेल. द्रेझ यांचे उत्तर वेगळे आहे. त्या वेळी खासगी व्यापाऱ्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर बंदी होती आणि रेशनवर येणारे धान्य तुटपुंजे होते. खरा आधार दिला तो कामाने. दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात एका वेळी जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. मजुरी रोख. हातात पैसा आला तसा धान्याला ओढा निर्माण झाला, आणि बंदी असूनही बाहेरच्या राज्यांतून धान्य चोरून-मारून महाराष्ट्रात येत राहिले. म्हणजे साखळी ओढली गेली ती खालच्या टोकाने, मजुराच्या टोकाने. वरून पोती ढकलून ती हलली असती असे नाही. अनेक गावांत त्या वर्षी घरच्या मिळकतीचा मोठा हिस्सा या मजुरीचा होता. एरवी बांधावर उभा राहून हुकूम सोडणारा शेतकरीही शेजारच्या मजुराबरोबर घमेले उचलायला आला.

आणि हे काम कुणी मेहेरबानी म्हणून काढले नव्हते. काम उघडा, मजुरी वेळेवर द्या, रेशन पाठवा म्हणून तहसील कचेऱ्यांवर मोर्चे गेले, घेराव झाले, विधानसभेत आवाज उठला. द्रेझ यांनी हे दडपण दुष्काळ-निवारणाचा महत्त्वाचा भाग मानले आहे. मोर्चात बाया मोठ्या संख्येने होत्या. मूल पाठीशी बांधून खडी फोडणारी बाई आठवड्याचा पगार चुकला की मुकादमाला जाब विचारीत असे. त्या बाईच्या घरात आज "ते कशाला सांगायचं" असे म्हटले जाते, म्हणून हा लेख.

याच धडपडीतून रोजगार हमी योजना वाढली. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ साली त्याचा प्रयोग केला होता. १९७२ मध्ये योजना राज्यभर आली, १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि तेही हक्काने! पुढे २००५ साली दिल्लीत देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. त्याचा पहिला मसुदा तयार करणाऱ्यांत द्रेझ होते. २ फेब्रुवारी २००६ ला तो ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. म्हणजे पाझर तलावावरच्या अनुभवाने लंडन-दिल्लीची वाट धरली, कायदा झाला आणि तो फिरून धुळ्याला आला. शिकलेला माणूस कामावरच्या माणसाकडे नीट बघतो तेव्हा असे होते.

तुलना करायची तर १८७७ साल बघा. मुंबई इलाख्यात दुष्काळ होता. दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर एक आणा पुरतो, असा हिशेब सर रिचर्ड टेंपल या साहेबाने लावला. दिवसभर दगड फोडणाऱ्याला अर्धा किलो धान्य! मजुरांनी कामे सोडली, हजारोंनी संप केला. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्रे चालवली. २० एप्रिल १८७७ ला सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले, त्यात जुन्नर भागातल्या दुष्काळाचे वर्णन आहे. कोण उपाशी आहे, कोण गाव सोडून चालला आहे, मदत करणाऱ्यांना कोण त्रास देते आहे, हे त्या जागेवर उभ्या राहून लिहीत होत्या. आजच्या विद्यापीठात याला क्षेत्र-पाहणी म्हणतात. आपल्या इतिहासात या विषयाची पहिली अभ्यासक म्हणून मी सावित्रीमाईंचेच नाव घेईन. वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांचा अंत झाला.

भगवान बुद्धांची आळवीची कथा विहारात अनेकांनी ऐकली असेल. एक गरीब शेतकरी धम्म ऐकायला निघाला, पण त्याचा बैल हरवला. बैल शोधून दमून तो पोहोचला तेव्हा भुकेने व्याकूळ होता. भगवंतांनी उपदेश थांबवून ठेवला, भिक्खूंच्या भोजनातले उरलेले अन्न त्याला वाढायला लावले आणि तो जेवल्यावर मगच बोलायला सुरुवात केली. त्याने भोजन मागितले नव्हते. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते ओळखले गेले.

हे ओळखणेच मदतीच्या कामात सर्वांत आधी चुकते. २६ डिसेंबर २००४ ला तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली. नागपट्टणमला देशभरातून मदतीचे ट्रक गेले. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजले, कारण ते कुणाला नको होते. सरकारी यादीत संकटग्रस्त म्हणून नाव लागले ते मुख्यतः होडी बुडालेल्या मच्छीमाराचे. किनाऱ्यावर मजुरी करणारे, मासळी वाहणारे, मिठागरांत राबणारे दलित यादीबाहेर राहिले. त्यांची होडी बुडाली नव्हती, कारण त्यांच्याकडे होडी नव्हतीच! काही ठिकाणी त्यांना मदत-छावणीत इतरांबरोबर राहू दिले नाही, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही. दलित मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी हे नोंदवून ठेवले म्हणून आज ते सांगता येते. ट्रक वेळेवर आला, रस्ता मोकळा होता, गोदाम भरले होते, सगळी साखळी ठीक होती. शेवटच्या दहा पावलांवर जात उभी होती.

म्हणून मला वाटते की या विषयात आपली मुले हवीत. यंत्राला अंतर मोजता येते, इंधन मोजता येते. गावविहिरीपासून बौद्धवाड्यापर्यंतचे अंतर त्याला कळत नाही. ज्याच्या आईने हंडा घेऊन दुसऱ्याने पाणी वाढण्याची वाट पाहिली आहे, त्याला ते न मोजता कळते, आणि तो शिकला तर ते मोजूनही दाखवू शकतो.

द्रेझ यांचे काम दुष्काळाशी थांबले नाही. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी ते इराकच्या सीमेवर शांतता छावणीत जाऊन बसले होते. युद्धानंतर हॅरिस गझदर या सहकाऱ्याबरोबर इराकमध्ये फिरून त्यांनी बाजारभाव, मजुरी आणि रेशन यांची पाहणी केली. निर्बंधांमुळे भाव भडकले होते, मजुरीला किंमत उरली नव्हती. त्यांना दिसले की तिथली रेशनव्यवस्था अपुरी असली तरी सगळ्यांना सारखी होती, आणि मोठी उपासमार तिनेच रोखून धरली होती. सद्दामच्या राजवटीबद्दल त्यांना प्रेम नव्हते, पण जे दिसले ते लिहिले. अभ्यासकाने असेच असावे.

मग २००१ साल. देशाच्या सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून अधिक धान्य, गरजेच्या साठ्याच्या दुपटीहून जास्त. काही धान्य उघड्यावर भिजत होते. आणि राजस्थानात दुष्काळाने लोक उपाशी! पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून अन्नाच्या हक्काची मोहीम उभी राहिली आणि द्रेझ तिच्यात पुढे होते. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने आदेश दिला की सरकारी शाळांत मुलांना शिजवलेले जेवण द्यावे. आपल्या पोरांच्या ताटातली ती खिचडी या आदेशामागून आली आहे. आधी महिन्याचा तांदूळ घरी मिळायचा, आता सगळी मुले एका पंगतीला बसू लागली. एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने आणखी सांगितले की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. यावरून कुठे कुठे काय गोंधळ झाले ते आपल्याला माहीत आहे. मध्यान्ह भोजनाने मुलांची हजेरी वाढते का, पंगतीत जात पाळली जाते का, याची पाहणी द्रेझ यांनी केली आहे. बाबासाहेबांच्या लोकशाहीविषयक विचारांवरही त्यांनी निबंध लिहिला आहे.

ही झाली अर्थशास्त्राच्या वाटेने आलेली कहाणी. दुसरी वाट व्यवस्थापनशास्त्राची आहे. योगायोग असा की तिचे एक मोठे नावही बेल्जियमचेच, लूक व्हॅन वासेनहोव्ह, फ्रान्समधल्या इन्सियाड संस्थेचे प्राध्यापक. कारखान्यांच्या मालवाहतुकीचा अभ्यास करता करता ते मदतसंस्थांच्या कामाकडे वळले. मदतकार्यातला ऐंशी टक्के भाग हा माल मिळवणे, साठवणे आणि पोहोचवणे याच कामाचा असतो, असा अंदाज या विषयाच्या लेखनात नेहमी दिला जातो. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात हँकेन संस्थेने २००८ साली यासाठी स्वतंत्र केंद्र काढले, २०११ पासून या विषयाचे नियतकालिक निघते. आपल्या जवळ, नाशिकच्या सिंबायोसिस संस्थेत शिकवलेले रामेश्वर दुबे यांनी याच विषयावर निबंध लिहिले आणि पुढे ते परदेशी विद्यापीठांत गेले. नाशिक काही लांब नाही, धुळ्याहून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येते.

कामाचे स्वरूप कळावे म्हणून एक उदाहरण. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नाही. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवर रेल्वेने पाणी नेले. त्यासाठी टँकरचे डबे आधी राजस्थानात कोट्याला वाफेने धुवावे लागले. पहिल्या गाडीत दहा डबे, पाच लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांची गाडी धावली. आता विचार करा: मिरजेला डबे भरायला पंप किती, लातूरला उतरवून घ्यायला टाकी कुठे, तिथून टँकर किती, आणि कोणत्या गल्लीत आधी? भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या मुलीला यातले निम्मे प्रश्न जेवताना घरी ऐकायला मिळालेले असतात. उरलेले निम्मे विद्यापीठात मिळतील.

ज्यांना यात जायचे आहे त्यांनी बारावीनंतर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, वाणिज्य किंवा भूगोल घ्यावा. गणिताला घाबरून पळू नये, इथे त्याच्यावाचून चालत नाही. आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हे विषय आहेत. पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण आहे. संशोधनासाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही आपल्या मुलांसाठी आहेत. अटी वर्षावर्षाला बदलतात, तेव्हा समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी, कुणाच्या सांगण्यावर राहू नये. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढून ठेवावे, निकालाच्या आठवड्यात धावपळ करू नये.

ज्याला पुस्तकापेक्षा अंगमेहनतीचे काम आवडते त्याच्यासाठीही जागा आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यालाच असते. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांना शोधताना याच तुकडीची नाव उलटली आणि तीन जवान गेले. दुसऱ्याच्या मुलाचे प्रेत त्याच्या आईपर्यंत पोहोचावे म्हणून ते पाण्यात उतरले होते. या दलातल्या माणसांच्या अनुभवावर कुणी अभ्यास करील तर नाव, दोर आणि माणूस यांपैकी कशाची कमतरता होती हे पुढच्यांना कळेल.

आणि शिकायला सुरुवात करण्यासाठी विद्यापीठाची वाट पाहायला नको. बहात्तर साली जी पंधरा-वीस वर्षांची होती, ती आता सत्तरीच्या आसपास आहेत. तेव्हा एक वही घ्या आणि आजी-आजोबांजवळ बसा. काम घरापासून किती कोसांवर होते? मजुरी रोजाची मिळायची की आठवड्याची, आणि किती दिवस थकायची? पैशाऐवजी धान्याचे कूपन मिळायचे का? मस्टरवर अंगठा कुणाचा आणि हिशेब कुणाचा? मिलो महिन्यातून किती वेळा यायची, आली की रांगेत आपली माणसे कुठे उभी असायची? कामावर प्यायचे पाणी एकाच माठातून मिळायचे की दोन? गुजरात आणि मध्य प्रदेशची हद्द आपल्याला लागून आहे, तिकडून रात्री धान्याच्या गाड्या येताना कुणी पाहिल्या का? भाव काय होता? घरातले कोण आधी जेवायचे आणि कोण शेवटी? अहिराणीत सांगतील तर अहिराणीतच लिहा, शब्द बदलू नका. वहीच्या पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे वय, गाव आणि तारीख टाका.